तीस वर्षांची मर्सिडीज अजून का धावते?

जुलै २०२५ मध्ये दिल्लीत आदेश निघाला: डिझेल गाडी दहा वर्षांची किंवा पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची झाली असेल, तर पंपावर तिला इंधन मिळणार नाही. एवढी ओरड झाली की काही दिवसांतच तो थांबवावा लागला. पण तेवढ्यात घरोघरी वाद रंगून गेला. गाडी म्हातारी झाली हे ठरवायचं कशावरून? आरसीवरच्या तारखेवरून, की तिच्या तब्येतीवरून?

या वादात एका गाडीचं नाव हटकून निघतं. मर्सिडीज-बेंझनं १९८४ च्या अखेरीस जगापुढे आणलेली आणि १९९५ पासून आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येही जुळवली गेलेली सेदान. कंपनीच्या दप्तरी तिचा क्रमांक डब्ल्यू १२४. शौकीन मंडळी नुसतं 'वन ट्वेंटी फोर' म्हणतात. पुण्यात तयार झालेल्या पहिल्या गाड्यांनी २०२५ मध्ये तिशी गाठली. जर्मनीतल्या थोरल्या बहिणी तर चाळिशीच्या झाल्या, आणि त्यातल्या कितीतरी रोजच्या कामाला जुंपलेल्या आहेत.

असं का, हे विचारलं की बहुतेकांचं उत्तर तयार असतं: "अहो, तेव्हा लोखंड भरपूर घालायचे. रणगाडा आहे तो!" हे उत्तर चूक आहे. आधीच्या मॉडेलपेक्षा ही गाडी हलकी होती. मग ती टिकली कशी, हे बघायला आपल्याला वारा, झोपाळा आणि फरशी पुसणं अशा वाटेनं जावं लागेल.

आधी नावाचा घोळ मिटवू

'डब्ल्यू' म्हणजे वागन, जर्मन भाषेत गाडी. १२४ हा कारखान्यातला अनुक्रमांक. गाडीच्या डिकीवर मात्र २००, २३० ई, ३०० डी असे आकडे असायचे. २३० म्हणजे २.३ लिटरचं इंजिन. 'डी' म्हणजे डिझेल. 'ई' म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शननं पेट्रोल सोडणारं इंजिन. १९९३ पर्यंत सगळ्याच पेट्रोल गाड्यांना इंजेक्शन आल्यानं त्या अक्षराला काही अर्थच उरला नव्हता. कंपनीनं ते उचलून आकड्याच्या आधी ठेवलं आणि जाहीर केलं, ही आमची ई-क्लास. आज शोरूममध्ये मिरवणारं ते 'ई' मुळात पेट्रोल शिंपडण्याच्या पद्धतीचं नाव होतं, हे विकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

सेदान १९९५ पर्यंत बनली. स्टेशन वॅगन, कूपे आणि उघड्या टपाची गाडी धरून सगळ्या मिळून २५ लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. आपल्याकडे ही 'साहेबाची गाडी'. जर्मनीत मात्र कंपनीचा डायरेक्टर मागच्या सीटवर बसून जायचा तीही हीच, आणि विमानतळाबाहेर फिकट पिवळसर रंगात रांगेनं उभी असायची ती टॅक्सीही हीच. पत्रा तोच, चॅसी तीच, दाराची कडी तीच. टॅक्सीवाला गाडी चार-पाच लाख किलोमीटर पिळून काढतो. त्याच्यासाठी बांधलेली गाडी साहेबाला मिळत होती, हे तिच्या टिकाऊपणामागचं पहिलं कारण.

हलकी, आणि वाऱ्याला न खुपणारी

एसटीच्या खिडकीवर 'हात व डोके बाहेर काढू नये' असं लिहिलेलं असतं. लहानपणी आपण सगळ्यांनीच ते मोडलेलं आहे. पंजा उभा धरला की वारा हात मागे ढकलतो. तोच आडवा केला की हात वाऱ्यातून सरकन कापत जातो. हात तेवढाच, फरक फक्त आकाराचा.

हा फरक मोजायला इंजिनियर एक आकडा वापरतात, त्याला ड्रॅग कोइफिशंट म्हणतात. आपण नुसतं 'हवेचा आकडा' म्हणू. वाऱ्यासमोर सपाट फळी उभी धरली तर तो एकाच्या वर जातो. वन ट्वेंटी फोरच्या आधीच्या मॉडेलचा, म्हणजे डब्ल्यू १२३ चा, आकडा ०.४० च्या वर होता. वन ट्वेंटी फोरच्या साध्यातल्या साध्या मॉडेलचा ०.२९. आजही एखाद्या कंपनीच्या जाहिरातीत हा आकडा शोभून दिसेल.

याचा खिशाशी संबंध काय? वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ५० चे १०० केले की वारा चौपट जोरानं अडवतो, आणि त्याला तोंड द्यायला ताकद लागते आठपट. म्हणून गाडी वेगात पळवायची असेल तर मोठ्या इंजिनापेक्षा चांगला आकार स्वस्त पडतो.

एक उदाहरण घेऊ. जुन्या मॉडेलची २०० डी ही डिझेल गाडी ६० अश्वशक्तीची, कमाल वेग ताशी १३५ किलोमीटर. नव्या २०० डीची ताकद ७२ अश्वशक्ती, म्हणजे २० टक्के जास्त. आकार जुनाच ठेवला असता तर ढोबळ हिशेबानं वेग ताशी १४३ च्या आसपास अडला असता. प्रत्यक्षात ती १६० नं पळायची. वरचे सतरा किलोमीटर आकारानं दिले, बहुतेक फुकटात.

हा आकार बोगद्यात, मोठ्या पंख्यासमोर, महिनोन्‌महिने घासून काढलेला होता. गाडी मागच्या बाजूला किंचित निमुळती होत जाते. डिकीची वरची कड उंच आणि धारदार आहे, त्यामुळे वारा तिथून स्वच्छ सुटतो. टायर अरुंद. हे सगळं करूनही ती माशासारखी किंवा साबणाच्या वडीसारखी दिसत नाही, ही डिझाइन विभागाचे प्रमुख ब्रुनो साको यांची करामत. साको इटलीतल्या उदिनेचे. १९७५ पासून त्यांनी हा विभाग सांभाळला. त्यांचा आग्रह असायचा की नवी गाडी आली म्हणून रस्त्यावरची जुनी मर्सिडीज एका रात्रीत शिळी दिसता कामा नये. आपल्याकडे दर तीन वर्षांनी गाड्यांचं 'तोंड' बदलतं, ते पाहिलं की या आग्रहाची किंमत कळते.

वजनाचंही तसंच. जिथे जोर येतो तिथे जास्त ताकदीचं पोलाद वापरलं, म्हणजे पत्रा पातळ ठेवता येतो. जिथे जोर येत नाही तिथे उगाच काही नाही. रणगाडा बांधणं सोपं असतं, जाड पत्रा वापरला की झालं. कुठे पातळ चालेल हे शोधायला हिशेब लागतो.

भोसरीच्या एका गॅरेजात मी पहिल्यांदा या गाडीत बसलो तेव्हा सवयीनं दार ओढून आपटलं. गॅरेजचे मालक, सगळे त्यांना मामा म्हणतात, हातातलं फडकं खाली न ठेवता म्हणाले, "आपटू नका साहेब. नुसतं सोडा." सोडलं. दार स्वतःच्या वजनानं गेलं आणि तिजोरीचा कप्पा बसावा तसा एकच आवाज आला. त्यात झणझण नाही, थरथर नाही. मग त्यांनी बॉनेट उचललं आणि एक खटका दाबून ते पार नव्वद अंशांत उभं केलं, भिंतीसारखं. इंजिनात वाकून काम करणाऱ्या माणसाच्या डोक्याला बॉनेट लागू नये याचा कोणीतरी कारखान्यात बसून विचार केला होता. गिऱ्हाईक शोरूममध्ये बॉनेट उघडून असलं काही बघत नाही.

चाक आणि माजघरातला झोपाळा

आता गाडीच्या पोटाखाली जाऊ. वन ट्वेंटी फोरचं खरं नाव झालं ते मागच्या चाकांच्या सस्पेन्शनमुळे. त्याला मल्टी-लिंक म्हणतात. कंपनीनं ते आधी १९८२ मध्ये धाकट्या १९० या गाडीत बसवलं आणि मग या मोठ्या गाडीत आणलं.

सस्पेन्शन म्हणजे फक्त स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर, असा आपला समज असतो. खरं अवघड काम वेगळंच आहे. चाकाला वर-खाली मोकळं सोडायचं, पण दुसऱ्या कुठल्याही दिशेला वळू द्यायचं नाही.

चिंचेच्या फांदीला एका दोरानं बांधलेलं जुनं टायर आठवा. ते पुढे जातं, बाजूला जातं, गिरक्याही घेतं. आता जुन्या वाड्यातला झोपाळा आठवा, चार कोपऱ्यांना चार पितळी कड्या असलेला. तो पुढे-मागे जातो, पण पाट कलंडत नाही. वर पानाचं तबक ठेवलं तरी सुपारी सांडत नाही. कड्या वाढल्या की नको त्या हालचाली बंद होतात.

शास्त्रात सांगायचं तर कोणतीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते. वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हे तीन सरकण्याचे प्रकार, आणि या तीन दिशांभोवती कलण्याचे आणखी तीन. एक दांडी एक हालचाल बांधून ठेवते. मर्सिडीजनं प्रत्येक मागच्या चाकाला वेगवेगळ्या कोनांत पाच दांड्या लावल्या. सहातून पाच गेल्या, उरली एक, वर-खाली. (चाक स्वतःभोवती फिरतं ते बेअरिंगवर, तो हिशेब वेगळा.)

आधीच्या गाडीत प्रत्येक चाक एकाच मोठ्या तिरक्या बाहूवर होतं. ओल्या ताम्हिणी घाटात वळणावर असताना समोर म्हैस दिसली आणि तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला, असं समजा. गाडीचं वजन पुढे जातं, मागची बाजू उचलते, आणि तिरक्या बाहूवरचं चाक त्याच वेळी जरासं बाहेरच्या दिशेला वळतं. जरासं म्हणजे अंशाचा काही भाग. पण तेवढ्यानं गाडीचं ढुंगण बाहेर फेकलं जाऊ शकतं. पाच दांड्यांच्या रचनेत हे वळणं जवळजवळ नाहीसं झालं, आणि जे उरलं ते गाडी सावरेल अशाच दिशेनं ठेवलं.

प्रत्येक दांडीच्या टोकाला रबरी बुश असतो. तो पुढे-मागे थोडा नरम, आडव्या दिशेला कडक. म्हणून खड्ड्याचा धक्का रबर गिळतं, आणि वळणावर चाक मात्र हलत नाही. मऊ बसणं आणि घट्ट वळणं हे एकाच गाडीत मिळत नाही, अशी तोवरची समजूत होती.

याची किंमत आपल्याकडे मोजावी लागते. दोन्ही बाजूंच्या मिळून दहा दांड्या, आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना सांधा. आपल्या रस्त्यांवर रबर फाटतं. गॅरेजवाला एक बदलतो, बाकीचे तसेच ठेवतो, आणि मग मालक म्हणतो, "गाडी मागून डोलते, जर्मन गाड्यांत काही दम नाही." सगळे बुश एकदम बदलून ती गाडी एकदा चालवून बघावी.

एकच वायपर

या गाडीच्या पुढच्या काचेवर एकच वायपर आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं दुसरा चोरीला गेला.

आई फरशी पुसताना हात कसा फिरवायची ते डोळ्यांपुढे आणा. समोरून हात गोल फिरतो, पण कोपरा आला की ती खांद्यातून हात लांब करते, कोपरा पुसते आणि हात परत आखडून घेते. कारण खोली चौकोनी असते आणि हात फिरतो गोल. वायपरची अडचण तीच. या गाडीच्या वायपरच्या बुडाशी दात्यांची एक रचना आहे. ती पातं फिरता फिरता दोन्ही कोपऱ्यांकडे लांब करते आणि मध्ये आल्यावर परत ओढून घेते. काचेवर इंग्रजी 'एम' सारखा आकार उमटतो. काचेचा सुमारे ८६ टक्के भाग एका पात्यात पुसला जातो. पावसात मागच्या सीटवर बसलेली मुलं रस्ता सोडून तेच बघत बसतात. त्या दात्यांना मधून मधून ग्रीस लागतं. ते कोणी घालत नाही, आणि मग वायपर कण्हायला लागतो.

मागचे दिवेही असेच. त्यांच्यावर आडव्या खाचा आहेत, पन्हाळी पत्र्यासारख्या. ही युक्ती मर्सिडीजनं १९७० च्या दशकातच आणली होती. चिखल उडाला की उंचवट्यांवर बसतो, खाचांमधली जागा स्वच्छ राहते, आणि दिवा मागच्याला दिसत राहतो. नंतर लोकांना त्या खाचा शोभेच्या वाटल्या आणि इतरांनी त्यांची नक्कलही केली.

टॅक्सीवाल्याचं डिझेल

'ॲव्हरेज किती?' हा आपला राष्ट्रीय प्रश्न जर्मन टॅक्सीवाल्यालाही पडायचा. त्यासाठी चार, पाच आणि सहा सिलिंडरची डिझेल इंजिनं होती. आजच्या डिझेल गाडीत इंधन प्रचंड दाबानं थेट सिलिंडरमध्ये मारतात आणि हुकूम संगणकाचा असतो. तिथे डिझेलात थोडी घाण असली की हजारोंचा इंजेक्टर गेला. जुन्या पद्धतीत डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जायचं, तिथे पेट घ्यायचं आणि मग मोठ्या जागेत पसरायचं. घरात चुलीवर आधी चिपाड पेटवतात आणि मग लाकूड धरतं, तसं. दाब कमी, धक्का कमी, इंजिनाला त्रास कमी. इंधन सोडणारा पंप पूर्ण यांत्रिक, आणि त्याला वंगण इंजिनाच्या ऑइलचं. म्हणून भेसळीच्या डिझेलवरही तो तग धरायचा. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, फिरवायला रबरी पट्टा नाही, साखळी.

गंमत म्हणजे किल्ली फिरवली की हे इंजिन विजेनं बंद होत नाही. हवा ओढून घेणारी एक बारीक नळी पंपाची झडप बंद करते. दारांची लॉकही त्याच पद्धतीनं, हवेवर चालतात. नळीला भेग पडली की किल्ली काढून घेतली तरी इंजिन आपलं धडधडत राहतं, आणि मालक बाहेर उभा राहून किल्लीकडे बघत राहतो.

डिझेलचा खडखडाट कमी करायला इंजिनाची कोठी खालून-बाजूनं आवाज शोषणाऱ्या आवरणांनी झाकलेली असायची. आपल्याकडच्या गाड्यांना खालचं आवरण अनेकदा नसतंच. सर्व्हिसिंगच्या वेळी एकदा काढलं, 'काय करायचंय' म्हणून कोपऱ्यात टाकलं. मग लोक म्हणतात, आवाज फार करते.

मधूनच पोर्शे

या शहाण्या घरात एक अवखळ मूल जन्मलं, ते ५०० ई. पाच लिटरचं व्ही-आठ इंजिन, ३२६ अश्वशक्ती, वेगाला ताशी २५० वर लगाम. चाकांवरचे मडगार्ड इतके रुंद केले की गाडी सिंडेलफिंगेनच्या कारखान्यातल्या नेहमीच्या लाइनवर बसेना. शेजारी, श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउजेनमध्ये, पोर्शेचे दिवस वाईट चालले होते आणि कामगार रिकामे होते. सोय झाली. सुटे भाग मर्सिडीजकडून पोर्शेकडे, बांधलेली बॉडी रंगवायला परत मर्सिडीजकडे, इंजिन बसवायला पुन्हा पोर्शेकडे, आणि तपासणीला शेवटी मर्सिडीजकडे. एक गाडी पुरी व्हायला सुमारे १८ दिवस लागायचे. १९९० ते १९९५ मध्ये १०,४७९ बनल्या. बाहेरून पाहिलं तर ती टॅक्सीची जरा रुंद झालेली बहीण, आणि शौकिनांना तिचं तेच आवडतं.

"मग काहीच बिघडत नाही का?"

बिघडतं, आणि एक गोष्ट तर वाईट बिघडते. १९९० च्या दशकातल्या गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगला असं आवरण वापरलं होतं की ते पर्यावरणात सहज विघटित व्हावं. हेतू उत्तम. पण ते बॉनेटखालच्या उष्णतेतच विघटित व्हायला लागलं. पाच-दहा वर्षांत वायरवरचं प्लॅस्टिक हात लावला की शेवेसारखं चुरायचं, आतल्या तारा उघड्या पडायच्या, आणि इंजिन कारण नसताना अडखळायचं. महागडा कॉम्प्युटर त्यात जळायचा तो वेगळाच. म्हणून विचित्र गोष्ट दिसते: १९८० च्या दशकातली गाडी चालतेय, आणि तिच्याहून नवी उभी आहे. 'जुनं तेवढं चांगलं' असं आंधळेपणानं म्हणणाऱ्यांनी आणि 'नवं तेवढं चांगलं' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही ही वायर एकदा हातात घेऊन बघावी.

"नव्या गाड्या जास्त सुरक्षित नाहीत का?"

आहेत, वाद नको. वन ट्वेंटी फोर तिच्या काळात फार पुढे होती. समोरचा भाग ठरवून चुरगळणारा, माणसं बसतात तो भाग कडक, आणि टक्कर अर्ध्याच बाजूला झाली तरी विचार केलेला. पण घसरणारी गाडी आपोआप सावरणारं ईएसपी हे तंत्र १९९५ मध्ये, ही सेदान बंद होत असताना आलं. तिला ते कधीच मिळालं नाही. बाजूच्या एअरबॅग नाहीत. मुलांना घेऊन रात्रीचा एक्स्प्रेस-वे गाठायचा असेल तर मी आजची साधी, पाच तारे मिळवलेली गाडी घेईन.

"आणि धूर?"

इथे प्रेमानं डोळे झाकण्यात अर्थ नाही. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले. त्या नियमांत बसणाऱ्या डिझेल गाडीला काजळी गाळणारी जाळी असते. आपल्याकडच्या वन ट्वेंटी फोरच्या डिझेलला नव्हती. एक गाडी विरुद्ध एक गाडी असं तोललं तर जुनी डिझेल शहराच्या हवेला नक्कीच जास्त वाईट.

पण नियम फक्त वयावर बेतला की रविवारी ३० किलोमीटर फिरणारी गाडी आणि रोज ३०० किलोमीटर धूर ओकणारा टेम्पो एकाच रांगेत उभे राहतात. जर्मनीत तीस वर्षं पुरी झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'ऐतिहासिक' ठरते, तिला वेगळी नंबरप्लेट मिळते आणि करही ठरावीक लागतो. आपल्या २०२१ च्या केंद्रीय नियमांत 'विंटेज'साठी पन्नास वर्षांची अट आहे. म्हणजे पुण्यात जन्मलेली वन ट्वेंटी फोर आज दोन्हीकडून लटकलेली. नवी म्हणायला फार जुनी, आणि वारसा म्हणायला अजून वीस वर्षं लहान. तोवर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग आणि हरित कर.

"पुण्याला शिळं वाढलं होतं का?"

थोडं, हो. टेल्को, म्हणजे नंतरची टाटा मोटर्स, आणि मर्सिडीजची मूळ कंपनी डायम्लर-बेंझ यांची ओळख जुनी. १९५४ पासून जमशेदपूरला त्यांच्या करारातले ट्रक बनायचे, आणि टाटांच्या ट्रकवरचा तीन टोकांचा तारा आपल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. १९९४ मध्ये दोघांनी मोटारीसाठी कंपनी काढली आणि १९९५ मध्ये पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात ई २२० आणि ई २५० डिझेल जुळायला लागल्या. सुटे भाग खोक्यांतून यायचे. त्याच वर्षी जर्मनीत पुढचं मॉडेल, गोल चार दिव्यांचं डब्ल्यू २१०, बाजारात आलं. आपल्याकडच्या पैसेवाल्यांनी ते मासिकांत पाहिलं होतं. 'तिकडे बंद झालेली इकडे नवी म्हणून विकतात' ही कुरकुर तेव्हा झाली, आणि ती रास्त होती.

आज मात्र पारडं फिरलंय. त्या चार दिव्यांच्या गाडीचा गंज जगभर बदनाम झाला. मधल्या काळात काय झालं होतं? १९८९ मध्ये टोयोटानं लेक्सस आणली. तेवढीच शांत, आरामात तोडीस तोड, आणि किमतीत कितीतरी खाली. तोवर श्टुटगार्टची, म्हणजे मर्सिडीजची, रीत अशी होती की आधी गाडी मनासारखी करायची आणि मग किंमत लावायची. लेक्ससनंतर उलटं झालं. आधी किंमत ठरली, मग तेवढ्यात काय बसतं ते पाहिलं गेलं. वन ट्वेंटी फोर ही जुन्या रीतीतली जवळजवळ शेवटची. हिशेबनीसांना शिव्या घालणं सोपं आहे, पण त्या रीतीनं कंपनी पुढे चालली असती असं मला वाटत नाही.

घ्यायची झालीच तर

पहिल्यांदा जॅक लावायच्या जागांवरची प्लॅस्टिकची झाकणं काढायला लावा आणि आत बोट घाला. गंज असेल तर तिथे. १९८९ नंतरच्या गाड्यांच्या दारांवर खाली रुंद प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत, शौकीन त्यांना 'साकोच्या फळ्या' म्हणतात. त्यांच्या मागेही बघा. १९९० नंतरची पेट्रोल गाडी असेल तर वायरिंग बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर तेवढे पैसे किमतीतून वजा करा. सुट्या भागांची चिंता इतकी नको; कंपनीचा जुन्या गाड्यांसाठीचा वेगळा विभाग १९९३ पासून श्टुटगार्टजवळ फेलबाखमध्ये आहे. भाव मात्र युरोतले असतात.

आणि मीटरवरचा किलोमीटरचा आकडा बघून फार खूश होऊ नका. त्याच्या आतलं एक बारीक दातेरी चाक आसावर घसरायला लागतं आणि मोजणं थांबतं. या गाड्यांचं हे दुखणं सर्वांना माहीत आहे. मामांच्या गॅरेजातल्या त्या गाडीवर १,४८,००० आकडा होता. मी म्हटलं, "मामा, फारच कमी रनिंग आहे." मामा हसले. "पाच वर्षांपूर्वीही एवढंच होतं, साहेब."